कराडजवळच्या आगाशिव डोंगरातली बौद्ध लेणी बघायला आई-वडिलांना घेऊन कुठल्या सीझनमध्ये जावं?

आई-वडिलांना घेऊन जाणार म्हणताय, तर डोळे झाकून नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरा. मी कराडचाच, जखिणवाडीच्या बाजूनं कितीतरी वेळा चढलोय, आणि थंडीत सकाळी सातला चढायला लागलात ना की दम लागत नाही, हवा स्वच्छ असली तर वरून कृष्णा-कोयनेचं खोरं लांबपर्यंत दिसतं. साठाच्या वर लेणी आहेत, डोंगरभर विखुरलेली, सगळी एका दिवसात बघायचा हट्ट नको, स्तूप असलेलं चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेचं लेणं, मात्र चुकवू नका, तिथं जरा शांत बसा.

पावसाळ्यात डोंगर हिरवागार असतो हे खरं, आणि भिक्खू वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या एका जागच्या मुक्कामाला, अशाच लेण्यांत राहायचे, त्यामुळे तो काळ मनाला भिडतोच, पण कातळावर शेवाळ धरतं, पाय घसरतो, वयस्कर माणसांना नकोच. श्रावणी सोमवारी वरच्या महादेवाला गर्दी असते.

बुद्ध पौर्णिमेलाच जायचं असेल तर ती येते एप्रिल-मेच्या उन्हात, मग उजाडायच्या आत निघा, नऊपर्यंत खाली या, पाणी माणशी दोन लिटर तरी घ्या.