सोरायसिस असताना तालमीत जावे का?

सोरायसिस (त्वचेवर खवलेदार चट्टे उठवणारा जुनाट विकार) असताना तालमीत जावे का, असे आपण विचारले आहे. व्यायाम जरूर करावा, कारण या विकारात लठ्ठपणा, मधुमेह आणि हृदयविकार यांचा धोका वाढलेला असतो आणि वजन उतरले की चट्ट्यांची तीव्रताही अनेकदा कमी होते. कुस्तीबाबत मात्र (कोल्हापुरात हे बोलणे धाडसाचेच) मी सावध राहीन: त्वचा खरचटली की त्याच जागी नवा चट्टा उठू शकतो, आणि आखाड्यात कोपर-गुडघे हमखास सोलवटतात. त्यापेक्षा सैल सुती कपड्यांत रंकाळ्याकाठी आठवड्याला एकूण 150 मिनिटे झपझप चालावे; घरी येताच कोमट पाण्याने अंघोळ करून ओलसर अंगावरच हलक्या हाताने व्हॅसलीन लावावे. सकाळी बोटे किंवा टाचा आखडत असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवावे, कारण सोरायसिस सांध्यांतही उतरतो.