नेफ: नाव नकारात्मक, काम विषाणूच्या फायद्याचे

आपण विचारले आहे की एचआयव्हीचे ‘नेफ’ हे प्रथिन विकर (एन्झाइम) नाही आणि त्याच्या नावाचा अर्थ ‘नकारात्मक घटक’ असा आहे, तर आजार बळावण्याशी त्याचा संबंध कसा. नावावर जाऊ नये. हे प्रथिन विषाणूची वाढ रोखते, असे सुरुवातीच्या प्रयोगांवरून वाटले होते. तो समज टिकला नाही, नाव मात्र राहिले.

बाधित पेशीत अगदी आधी तयार होणाऱ्या प्रथिनांत नेफ असते. सुमारे २०६ अमिनो आम्लांचे हे प्रथिन पेशीपटलाला आतून चिकटते आणि पेशीचीच वाहतूक यंत्रणा वापरून एचएलए-ए व एचएलए-बी हे रेणू पृष्ठभागावर टिकू देत नाही. या रेणूंवर मांडलेले विषाणूचे तुकडे पाहूनच मारक टी पेशी बाधित पेशी हेरतात, त्यामुळे त्यांचा माग चुकतो. एचएलए-सीला मात्र नेफ सहसा हात लावत नाही. तोही नाहीसा झाला, तर असे रेणू नसलेल्या पेशींवर हल्ला करणाऱ्या नैसर्गिक मारक पेशींना संशय येतो. नेफ सीडी४ हा रेणूही पृष्ठभागावरून हटवते; याच रेणूला धरून विषाणू पेशीत शिरतो. तो हटवण्यामागचे कारण मला अधिक रोचक वाटते: तो पृष्ठभागावर राहिला, तर बाहेर पडणाऱ्या विषाणूच्या आवरणाला तिथेच अडकवतो आणि त्या आवरणाचे एरवी झाकलेले भाग प्रतिपिंडांसमोर उघडे करतो.

हे सर्व प्रयोगशाळेतले झाले. खरा पुरावा नेफ नसताना काय होते, यातून मिळाला. १९९१ मध्ये ऱ्हीसस माकडांवरील प्रयोगांत नेफ जनुक काढलेल्या एसआयव्हीची (एचआयव्हीच्या माकडांतील भाऊबंद विषाणूची) बाधा होऊनही विषाणूचे प्रमाण अल्प राहिले. १९९५ मध्ये सिडनीतील एका रक्तदात्याकडून बाधित झालेल्या व्यक्तींच्या विषाणूत नेफ जनुकाचा भाग गळालेला आढळला. या व्यक्ती उपचारांशिवाय अनेक वर्षे लक्षणरहित होत्या. तरीही नेफ हाच सारा आजार, असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण त्यांच्यापैकी काहींच्या सीडी४ पेशी (हा रेणू असलेल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) पुढे घटल्या, आणि नेफविरहित एसआयव्हीने माकडांच्या नवजात पिल्लांना आजारी पाडले.

प्रचलित औषधे नव्या पेशींना होणारी बाधा रोखतात, परंतु ज्या पेशींच्या डीएनएत विषाणूचा जनुकसंच आधीच शिरला आहे, त्यांच्यातील नेफची निर्मिती ती थांबवत नाहीत.