स्टेरॉइड हार्मोन पेशीपटलातून आपोआप आरपार जातात, मग पदार्थ पटलापार नेणाऱ्या वाहक प्रथिनांचा त्यांच्याशी संबंध काय?

'आपोआप जातात' हे पुस्तकी उत्तर अर्धंच खरं आहे. चरबीत विरघळणारं कॉर्टिसॉल (ताणाच्या वेळी वाढणारं स्टेरॉइड हार्मोन) पटलातून आत शिरतं खरं, पण पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा वाहक-पंप एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्चून त्याला पुन्हा बाहेर ढकलतो. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या भिंतीत हा पंप पहारेकऱ्यासारखा बसलेला असतो. ज्या उंदरांमध्ये त्याचं जनुक बंद केलं, त्यांच्या मेंदूत डेक्सामेथासोन (कॉर्टिसॉलसारखं कृत्रिम औषध) जास्त पोचलं. गंमत प्रोजेस्टेरॉन या स्त्री-हार्मोनची: ते या पंपाला चिकटतं, त्याचं काम अडवतं, पण स्वतः फारसं बाहेर फेकलं जात नाही.

सल्फेट जोडलेल्या स्टेरॉइडांवर, उदा. इस्ट्रोन या स्त्री-हार्मोनच्या इस्ट्रोन सल्फेट या रूपावर, विद्युतभार असतो. त्यामुळे चरबीच्या पटलातून त्यांना सहज जाता येत नाही; आत यायला ओएटीपी (ऋणभारित रेणू आत आणणारी वाहक प्रथिनं) गटातल्या प्रथिनांसारखे वाहक लागतातच. फळमाशीत तर एकडायसोन या कात टाकायला लावणाऱ्या, सल्फेट नसलेल्या स्टेरॉइड हार्मोनलाही याच गटातलं प्रथिन लागतं, हे २०१८ साली दिसलं.

ज्यापासून ही हार्मोन बनतात, त्या कोलेस्टेरॉलचं वाहकांशी नातं दुहेरी. आतड्यात एनपीसी१एल१ हे वाहक प्रथिन ते शोषून घेतं (कोलेस्टेरॉल कमी करणारं इझेटिमाइब हे औषध नेमकं तिथेच आडवं येतं). शिवाय पटलातलं कोलेस्टेरॉल काही वाहकांना चिकटून त्यांचा आकार सांभाळतं. ते काढून घेतलं की सेरोटोनिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाच्या वाहकाचं काम मंदावतं.