उभ्याने केलेल्या सह्या

"ताई, नोकरी कंत्राटी आहे, साहेब रोज चारचौघांत पाणउतारा करतो. सोडू की सहन करू?"

जळगावच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न घेऊन कारखान्यातले सुपरवायझर येतात, सरकारी दवाखान्यातल्या कंत्राटी सिस्टर येतात, कचेरीत संगणकावर नोंदी करणारी मुलं येतात. यातल्याच एकाची हकिकत त्याच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

एरंडोलकडचा तिशी ओलांडलेला तरुण. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात माल रवाना करण्याच्या विभागात सुपरवायझर. पगार ठेकेदाराकडून, हुकूम कारखान्याच्या साहेबाचा. अकरा महिन्यांचं नियुक्तीचं पत्र, मग चार दिवसांचा खंड, मग नवं पत्र. अशी सहा पत्रं झाली होती. त्याला बायको घेऊन आली. तो स्वतःहून आला नसता.

"झोपेत बी 'हो साहेब, हो साहेब' करता हे," ती म्हणाली. तो खाली मान घालून बसला होता. बऱ्याच वेळाने एवढंच म्हणाला, "झोपच येस नही माले."

छातीत जळजळ, हात थरथरणं, रात्री दहानंतर व्हॉट्सॲप वाजलं की पोटात गोळा. छातीची तक्रार म्हटल्यावर आधी डॉक्टरांकडे पाठवलं. ईसीजी ठीक आला, पित्ताचं औषध सुरू झालं. हे मी नेहमी करते. ताणच असेल, असं परस्पर ठरवून मोकळं होऊ नये.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याची बहीण माहेरी आली होती. सासुरवाशिणीने हक्काने माहेरी यावं, झोके घ्यावेत, असे हे दिवस. याने रजा महिनाभर आधी तोंडी सांगितली होती, साहेब "बघू" म्हणाले होते. आदल्या रात्री ग्रुपवर संदेश आला : उद्या गाड्या भरायच्या आहेत, कुणीही रजा मागू नये. हा गेला. संध्याकाळी घरी पोचला तेव्हा बहीण परतीच्या गाडीत बसली होती. त्यानंतर तो घरात कुणाशी धड बोललाच नाही.

मी त्याला सरळ विचारलं, "मरणाचे विचार येतात का?" असं विचारल्याने विचार डोक्यात शिरतात, ही भीती खोटी आहे. विचारल्यावर माणसाला हायसं वाटतं, हे मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे. तो म्हणाला, "मरावं असं नाही वाटत. पण सकाळी हायवेवर वाटतं, गाडी घसरावी, हात मोडावा. महिनाभर घरी तरी बसता येईल."

सुट्टीसाठी हात मोडून घ्यायला तयार झालेला माणूस आळशी नसतो. तो कुठवर थकला आहे, ते त्या वाक्यातून कळतं. त्याच्या संमतीने बायकोलाही हे सांगितलं. दोघांच्या फोनमध्ये टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक घालून दिला. मानसिक आरोग्यासाठीची ही सरकारी सेवा चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. रात्री दोन वाजता मी फोन उचलेनच असं नाही, तिथे मात्र कुणीतरी असतं.

आता माझी चूक सांगते, कारण ती त्याला भोगावी लागली. दुसऱ्या भेटीत मी म्हटलं, "साहेबांशी एकदा मोकळेपणाने बोलून पाहा, तुम्हाला काय वाटतं ते सांगा." तो बोलला. साहेबांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवावं तसं उगाळलं : "याला वाईट वाटतं म्हणे!" वर पंधरा दिवस सलग रात्रपाळी लावली. मी त्याची माफी मागितली. मोकळेपणा समजून घेणारा समोर असेल तरच मोकळं बोलण्यात अर्थ असतो. अपमान हेच ज्याचं काम करवून घेण्याचं हत्यार, त्याच्यापुढे मन उघडं केलं की त्याला आणखी एक जागा सापडते. अशा माणसाशी बोलणं थोडकं ठेवावं, कामापुरतं आणि लेखी.

म्हणून आम्ही दुसरी रीत धरली. साहेब तोंडी हुकूम द्यायचे आणि माल चुकला की "मी असं म्हणालोच नव्हतो" म्हणायचे. आता हुकूम आला की दहा मिनिटांत हा एका ओळीचा संदेश पाठवायचा : "आपण सांगितल्याप्रमाणे आधी नाशिकची गाडी भरतो, सुरतची नंतर." तक्रार नाही, तिखट शब्द नाही. आठवड्याभरात तोंडी हुकूम कमी झाले. ओरडणं थांबलं नाही, पण "मी म्हणालोच नव्हतो" बंद झालं. शिवाय एका वहीत तारीख, वेळ, नेमके शब्द आणि कोण हजर होतं एवढंच लिहायचं. वहीचा पुढे पुरावा म्हणून उपयोग होईल न होईल, पण कागदावर उतरलेलं बोलणं रात्री डोक्यात कमी फिरतं.

फोन रात्री साडेनऊला स्वयंपाकघरात, चार्जिंगला. पहिल्या रात्री तो तीनदा उठून बघून आला. आठव्या दिवशी एकदाच उठला. हा बदल मला फार मोलाचा वाटला, कारण झोप परतल्याशिवाय सोडू की राहू हे ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे. न झोपलेल्या माणसाला दोन्ही वाटा बंदच दिसतात.

मग मी नियुक्तीचं पत्र मागितलं. त्याच्याकडे प्रतच नव्हती! सहाही वेळा गेटजवळच्या खिडकीत उभ्याने सही केलेली, इंग्रजी कागद, मागे रांग. "त्यात काय लिहिलंय?" "माहीत नाही. पण साहेब म्हणतात, नीट राहिलास तर कायम करू."

इथे मला गाठ सापडली. साहेबाच्या ओरडण्याला तो घाबरत होताच, पण त्याला खरं बांधून ठेवलं होतं त्या 'कायम करू'ने. पगार आठ तासांचा होता. वरचे तास, रविवार, बहिणीची आखाजी, रात्रीची झोप हे सगळं तो त्या दोन शब्दांच्या खात्यावर जमा करत होता, आणि त्या खात्याचं पासबुक कुणीच दिलेलं नव्हतं. मी त्याला विचारलं, "सहा वर्षांत ठेकेदाराकडचा कुणी कायम झालेला पाहिला?" तो बराच वेळ छताकडे पाहत राहिला. मग रडला. मी पाणी दिलं आणि काही बोलले नाही.

नातेवाईक म्हणत होते, "आहे ती धरून ठेव, नाहीतर सुरतला जावं लागेल." खानदेशातल्या घराघरांत पोटासाठी धरलेली सुरतची वाट माहीत आहे, त्यामुळे ही भीती पोकळ नाही. म्हणून ती भीती आकड्यांत मांडायला मी त्याला सांगितलं. घर स्वतःचं. किराणा आणि गॅस ६,५००, गाडीचा हप्ता २,८००, मुलीची शाळा १,२००, आईवडिलांची औषधं १,००० : एकूण ११,५००. बायकोच्या शिवणकामाचे ४,०००. म्हणजे नोकरी गेली तर महिन्याला ७,५०० कमी पडतात, आणि शिल्लक होती ३१,०००. चार महिने. तो कागदाकडे बघत म्हणाला, "मला वाटायचं, आठ दिवसांत रस्त्यावर येऊ."

साहेबांची आणखी एक धमकी होती : "तुझा पीएफ अडकवून टाकीन." उमंग या सरकारी ॲपवर पीएफचं पासबुक उघडलं. तीन ठेकेदार झाले होते, म्हणून तीन वेगळी खाती, पण सगळी त्याच्या एकाच यूएएन क्रमांकाखाली, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफ क्रमांकाखाली. पैसे भरलेले दिसत होते. ते साहेबांच्या हातात नाहीत. हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं गरजेचं होतं, मी सांगून भागलं नसतं. ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचं, कार्ड पाकिटात पडून होतं आणि पित्तासाठी खासगी दवाखान्यात पैसे जात होते. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ही योजना आहे. हप्ते नियमात बसत असतील, म्हणजे सहा महिन्यांच्या कालावधीत किमान ७८ दिवसांचे भरलेले असतील, तर तिथल्या डॉक्टरांनी दाखला दिलेल्या आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात. हात मोडून घेण्याची गरज नव्हती. आणि ठेकेदाराने पगारच बुडवला तर ती जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे कारखान्यावर, येते, हेही त्याला पहिल्यांदाच कळलं.

"साहेबावरही वरून दबाव असेल, समजून घ्या," असा सल्ला बरेच जण देतात. असेलही दबाव. पण ज्याची झोप गेली आहे, त्याच्यावर समोरच्याला समजून घेण्याचं ओझं आधी टाकू नये. त्याला आधी पाय टेकायला जमीन द्यावी.

श्रावणात त्यांच्या घरी कानबाईचे रोट, म्हणजे या खानदेशी देवीचा घरचा उत्सव, असतात, सगळी भाऊबंदकी जमते. या वेळी त्याने रजेचा अर्ज तीन आठवडे आधी लेखी दिला आणि पोच घेतली. साहेबांनी आदल्या दिवशी फोन केला. हा म्हणाला, "सर, अर्जाप्रमाणे मी रजेवर आहे, सोमवारी हजर होतो." हात थरथरत होते, असं त्याने मला नंतर सांगितलं, पण वाक्य पूर्ण केलं. सोमवारी ओरडा बसला. दोन दिवसांचा पगार कापला. बहीण मात्र या वेळी भेटली.

गेल्या महिन्यात तो एकटाच आला. सातवं पत्र आलं होतं. मोबाईलवर एकेका वाक्याचा अर्थ लावत त्याने तिन्ही पानं वाचली होती. कायम करण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. धुळ्याच्या अवधान एमआयडीसीत दोन ठिकाणी अर्ज दिले होते, त्यातल्या एका ठिकाणाहून मुलाखतीचा फोन आला होता.

कागद माझ्या टेबलावर ठेवला. सहीची जागा कोरी होती.

"सोमवारपर्यंत वेळ मागितलाय," तो म्हणाला, "आणि त्यांनी दिला."