गारवा वरून नाही, खालून

प्रश्न : मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ होऊन गेल्यावर चार-पाच दिवसांनी वडील हर्णै बंदरातून होडी घेऊन गेले. जाळं ओढताना पाणी नेहमीपेक्षा गार लागलं, असं ते अजून सांगतात. हे पावसामुळे झालं असेल का? (एक वाचक, दापोली तालुका)

उत्तर : वडिलांच्या हातांवर माझा विश्वास आहे. पण हा गारवा मुख्यतः पावसाचा नाही, तो समुद्राच्या पोटातून आला.

मे महिन्यात विहिरीत उडी मारली की वरचं हातभर पाणी कोमट लागतं आणि पाय खाली गेले की अंगावर शहारा येतो. समुद्रही असाच थराथरांचा. तौक्तेच्या आधी अरबी समुद्राचा वरचा थर ३० अंशांच्या आसपास तापला होता. वादळाचा वारा हा थर फरफटत नेतो, खालचं पाणी मात्र मागे राहतं. दोघांच्या सांध्यावर घुसळण होते आणि गार पाणी वर मिसळतं. आंघोळीच्या कढत पाण्यात आपण विसण घालतो ना, तसं. शिवाय गरगरणारा वारा वरचं पाणी बाहेर लोटतो आणि त्या जागी खालचं चढतं. पाण्याची वाफ होताना जाणारी उष्णता असतेच, पण मोठा वाटा घुसळणीचा. पृष्ठभाग एखाद्या अंशाने उतरतो, कधी पाच-सहा अंशांनीही.

आपल्या गोलार्धात हा गार पट्टा वादळाच्या वाटेच्या उजवीकडे जास्त ठळक असतो. तिथे वाऱ्याची दिशा आणि पाण्याचा प्रवाह एकाच लयीत वळतात. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का मिळावा तसं. तौक्ते उत्तरेकडे निघालं होतं, म्हणजे उजवी बाजू आपल्या किनाऱ्याची.

बंगालच्या उपसागरात पावसाळ्यानंतर वेगळंच दिसतं. तिथे बोटीवरून खारेपणा आणि तापमान मोजणारं यंत्र खाली सोडलं, तेव्हा पडद्यावर खारेपणाची रेघ झटकन वळली. तापमानाची मात्र बऱ्याच खोलीपर्यंत न वळता सरळ उभी राहिली, म्हणजे पाणी फारसं गार होत नव्हतं. गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं, हलकं पाणी वर झाकणासारखं पसरलेलं असतं. ते घुसळायला अवघड, आणि घुसळलं तरी त्याखालचं पाणीही उबदारच. म्हणून तिथे मान्सूनपूर्व वादळं समुद्राला जेवढं गार करतात, तेवढं ऑक्टोबर-नोव्हेंबरची करत नाहीत. वादळाची शिदोरी म्हणजे कोमट पाणी, आणि तिथे ती लवकर संपत नाही. हे मला फार काळजीचं वाटतं.

वडिलांना एक विचाराल का? त्या दिवशी जाळं किती वाव खोल पाण्यात होतं? उत्तर मला जरूर कळवा.