मुक्कामाची पहिली संध्याकाळ

प्रश्न : मी ४१ वर्षांची, यजमान ४४ चे. आम्हाला मूल नाही. बरीच वर्षं प्रयत्न केले, आता तो विषय दोघांनी मिळून मिटवला आहे. धाकट्या दिरांची मुलगी ८ वर्षांची आहे. या सुट्टीत तिला तीन रात्रींसाठी आमच्याबरोबर नेतो आहोत. ती हरखून गेली आहे, पण आजवर आईवडिलांशिवाय एकही रात्र राहिलेली नाही. यजमानांनी सकाळपासून रात्रीपर्यंतचा कार्यक्रम आखून ठेवलाय. जावेने दोन पानं भरून सूचना लिहून दिल्यात. त्या वाचून वाटलं, हिचा आमच्यावर भरवसा नाही. रात्री पोर आईसाठी रडायला लागली तर मी काय करू? आणि एक गोष्ट अजून कुणाजवळ बोललेली नाही : तीन दिवस ती माझ्या कुशीत असेल आणि चौथ्या दिवशी तिला सोडून यायचं, हे मला झेपेल का?
– एक काकू

उत्तर : रात्रीचं आधी बोलू. पण रात्र म्हणजे झोपायची वेळ असं धरू नका. अवघड वेळ त्याच्या बरीच आधी, दिवस मावळताना सुरू होते. मी २४ वर्षं मुलांच्या वॉर्डात नर्स होते. दुपारभर पलंगावर उड्या मारणारं पोर, भेटायला आलेली माणसं निघाली आणि खिडकीबाहेर अंधारू लागलं की एकदम गप्प व्हायचं. मग म्हणायचं, पोट दुखतंय. डॉक्टर तपासायचे, पोटात काही नसायचं. ‘मला घरची आठवण येतेय’ हे वाक्य आठ वर्षांच्या मुलाला सापडेलच असं नाही, पोटदुखी सापडते. तुमच्या पुतणीने संध्याकाळी पोट धरलं तर ताप आहे का, उलट्या होताहेत का, दुखणं वाढतंय का, एकाच जागी आहे का, हे बघा. तसं काही नसेल तर औषध शोधू नका. तिच्याजवळ बसा.

इतकं ठाऊक असूनही मी चुकले होते. बहिणीची मुलगी तेव्हा ७ वर्षांची होती. तिला दोन रात्रींसाठी घेऊन गेले. पहिल्या दिवशी पोहणं, झोके, टेकडी, सगळं एका दमात उरकलं. संध्याकाळी मी अंघोळ करून बाहेर येते तो ही बूट घालून, पाठीला सॅक लावून दाराशी उभी. “मावशी, आता घरी जाऊ या ना.” रडत नव्हती, त्याचंच मला जास्त लागलं. तिला शांत करायचं म्हणून बोलून गेले, “आज झोप, उद्या सकाळी जाऊ.” झोपली बिचारी. मला वाटलं, ऊन पडलं की विसरेल. सकाळी साडेसहाला ती बूट घालून माझ्या उशाशी उभी होती. मी सबबी सांगितल्या, तिने मुकाट्याने ऐकून घेतल्या. दिवसा खेळलीसुद्धा. पण रात्री “मी इथेच आहे, झोप” म्हटलं, तर तीन वेळा उठून मी खरंच आहे का ते बघून गेली. माझा आदल्या रात्रीचा शब्द खोटा निघाला होता. आजचा तिने कसा मानावा?

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने घरच्या आठवणीने होणाऱ्या त्रासावर २००७ साली एक अहवाल काढला. ‘नाही करमलं तर लगेच न्यायला येऊ’ असं वचन मुलाला देऊ नये, असं त्यात पालकांना सांगितलं आहे. ते ऐकून मुलाला वाटतं, आईबाबांनाही मला जमेलसं वाटत नाही. आणि मग त्रास झाला की परत जाण्याखेरीज दुसरं काही सुचत नाही. दीर-जावेशी हे निघण्याआधी बोलून ठेवा, कारण निरोप घेताना आईच्या तोंडून हे वाक्य फार सहज निघतं. घरापासून दूर राहायचा सराव आधी करून घ्यावा, असंही त्या अहवालात आहे. तेव्हा सहलीच्या पंधरा दिवस आधी तिला एक रात्र तुमच्या घरी झोपायला बोलवा. काकू दिवा कधी मालवते, काका घोरतात का, रात्री हाक मारली तर कोण उठतं, एवढं तरी तिला आधीच कळलेलं असेल.

आता यजमानांची यादी. त्यातली माया मला दिसते आहे, तरी सांगते, दुपारनंतरचं सगळं खोडा. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना २४ तासांत ९ ते १२ तास झोप लागते, आणि दमून आंबलेल्या मुलाला घरची आठवण फार जोरात येते. उजेड असतानाच मुक्कामी परता. खोली तिला उजेडात दाखवा : दिव्याचं बटण कुठे, बाथरूमकडे कसं जायचं, तुम्ही कुठल्या अंगाला झोपणार. झोपायची जागा तिलाच निवडू द्या. अंधार पडताना तिच्या हाताला काम द्या, पाण्याच्या बाटल्या भरणं, उद्याचे कपडे काढून ठेवणं. घरी फोन दुपारी करा. झोपायच्या तोंडावर आईचा आवाज ऐकला की बांध फुटतो. पण तिने स्वतःहून मागितला तर नाही म्हणू नका.

आणि तरीही रडली तर? “एवढी मोठी झालीस आणि रडतेस?” हे कुणीही म्हणायचं नाही, गमतीतही नाही. “आईची आठवण येतेय ना? येणारच,” एवढं म्हणा. किती रात्री उरल्या ते बोटांवर मोजा. आईसाठी चित्र काढायला कागद द्या. “जवळ झोपू का?” असं विचारा आणि ती म्हणेल तसं करा. तुम्ही नक्की पाळणार असाल तेवढंच कबूल करा. दुसऱ्या दिवशीही खाणंपिणं सुटलं, झोप लागेना, तर तिच्या नकळत घरी फोन करून मोठ्यांनी मिळून ठरवा. एक रात्र राहून परत आलात तरी ती एक रात्र तिची झालीच.

जावेची दोन पानं मी अविश्वास म्हणून वाचणार नाही. आठ वर्षं जे तिने एकटीने डोक्यात वागवलं, ते पहिल्यांदाच कुणाच्या तरी हाती दिलंय. उलट तिला आणखी विचारा. मुलीचं वजन किती किलो? कशाची ॲलर्जी? तापाचं कुठलं औषध, किती? पॅरासिटामॉल वजनावर देतात, एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलीग्रॅम, दोन डोसांत निदान ४ ते ६ तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. पण पातळ औषधाच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात : कुठल्या ५ मिलीलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलीग्रॅम, तर कुठल्या २४० किंवा २५०. ‘एक चमचा’ या शब्दाने दुप्पट औषध पोटात जाऊ शकतं. म्हणून घरचीच बाटली न्या, आणि डॉक्टरांना विचारून मात्रा मिलीलिटरमध्ये लिहून घ्या. ॲस्पिरिन मुलांना द्यायचंच नाही. आईवडिलांच्या सहीचं पत्रही बरोबर असू द्या : मुलगी तुमच्यासोबत आहे, गरज पडल्यास उपचारांना आमची संमती आहे, हे आमचे नंबर.

जावेला आणखी एक गोष्ट एकटीला गाठून विचारा, रात्री अंथरूण ओलं होतं का? सातव्या वर्षीही शंभरातल्या ५ ते १० मुलांचं होतं, आणि नव्या जागी बंद झालेलं पुन्हा होऊ शकतं. पाणी न झिरपणारी चादर बॅगेत टाका. सकाळी ओलं दिसलं तर काकांना कळायच्या आत बदला, बोलू नका.

‘आईला सांगू नकोस हं’ हे वाक्य तीन दिवसांत एकदाही नको. झोपायला उशीर झाला असेल तर तसं जावेला सरळ सांगा. मोठ्यांनी सांगितलेलं गुपित आईपासून लपवायचं नसतं, हे मुलीला लख्ख ठाऊक असायला हवं.

आता तुमचा न बोललेला प्रश्न. तिथे कुणीतरी म्हणेल, “मुलगी अगदी तुमच्यासारखी दिसते.” क्षणभर बोलू नये असं वाटेल. मला वाटायचं. पण ती ऐकत असते. “पुतणी आहे माझी,” असं लगेच, आनंदाने म्हणा. तिला आई आहे. काकू म्हणून तुम्ही तिला हव्या आहात. “इथेच राहतेस का माझ्याजवळ?” हे लाडातही विचारू नका, तिला खरंच उत्तर द्यावं लागतं. तिला सोडून आल्यावर दुखेल. मी भाचीला सोडून आले तेव्हा तिची ओली टॉवेलची घडी माझ्या बॅगेत राहिली होती. ती हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते. त्यासाठी दुसऱ्या दिवशी सुट्टी ठेवा, आणि यजमानांना आजच हे पत्र दाखवा. त्या सकाळी तुम्ही दोघं एकमेकांना लागाल.

प्रश्न : मी ३५ वर्षांचा, अविवाहित. ६ वर्षांच्या भाच्याला एकटाच दोन दिवस नेणार आहे. त्याला गाडी लागते. मुक्कामाच्या जागी पोहण्याचा तलाव आहे. ताई काळजीत आहे.
– एक मामा

उत्तर : गाडी लागणं २ ते १२ या वयात जास्त. डोळे पुस्तकावर किंवा मोबाइलवर स्थिर आणि कानातला तोल सांगणारा भाग म्हणतो आपण हलतोय, या झगड्यातून मळमळ होते. म्हणून मोबाइल नको, लांबचं समोरचं दिसू द्या, खिडकी थोडी उघडी ठेवा, निघताना हलकं खायला द्या. तो मागच्या सीटवरच बसेल. पट्टा गळ्यावर नाही, खांद्यावरून आणि मांड्यांवरून जायला हवा. सहा वर्षांच्या उंचीला त्यासाठी बूस्टर सीट, म्हणजे मुलाला उंच बसवणारी वेगळी बैठक लागते, साधारण १४५ सेंटिमीटर होईपर्यंत.

तलावाबद्दल ताईची काळजी खरी आहे. बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. मिनिटाच्या आत, आवाज न करता खाली जातं. हवा भरलेल्या दंडपट्ट्यांवर विसंबू नका. तुम्ही पाण्यात, तो तुमच्या हाताच्या अंतरावर, मोबाइल खोलीत. दोन मोठी माणसं असली तर एक टॉवेल आणायला जातो. तुम्ही एकटे आहात, म्हणून टॉवेल आणायचा असेल तर आधी त्याला पाण्याबाहेर काढायचं आणि सोबत न्यायचं. दर वेळी.