फिलिपिनो स्वतंत्र सिनेमातले समलिंगी विषयांवरचे, कुटुंबाभोवती फिरणारे चित्रपट बघायचे आहेत, सुरुवात कुठून करू?

२००५ च्या 'द ब्लॉसमिंग ऑफ मॅक्सिमो ओलिव्हेरोस'पासून करा. दिग्दर्शक ओरेयस सोलितो. मनिलाच्या झोपडवस्तीतला बारा वर्षांचा मॅक्सी. आई नाही, वडील आणि दोन्ही भाऊ भुरट्या चोऱ्या करणारे. स्वयंपाक, शिवणटिपण, घरची सगळी उस्तवार मॅक्सीकडे. तो मुलींसारखा नटतो, त्याला घरात कुणीच आडकाठी करत नाही. ठिणगी पडते ती तो एका प्रामाणिक पोलिसावर जीव जडवतो तेव्हा. इथे 'घरच्यांना कळलं तर?' हा प्रश्नच नाही. प्रेम की रक्ताचं नातं, हा आहे. आपल्याकडच्या सवयीने कबुलीजबाबाच्या प्रसंगाची वाट बघत बसलात, तर खरा पेच नजरेतून सुटतो. २००६ मध्ये बर्लिन चित्रपट महोत्सवात याला टेडी पुरस्कार मिळाला, समलिंगी विषयांवरच्या चित्रपटांना देतात तो.

मग ब्रिलान्ते मेंडोझाचा 'मसाहिस्ता' (२००५). पुरुष गिऱ्हाइकांना मालिश करणाऱ्या तरुणाचे वडील वारतात. एका दृश्यात तो गिऱ्हाइकाचं अंग चोळतोय, लगेच पुढच्यात वडिलांच्या मृतदेहाला कपडे चढवतोय. हात तेच. दृश्यं काळाच्या क्रमाने येत नाहीत, त्यामुळे मध्येच उठू नका, धागा तुटतो. उघडी दृश्यंही आहेत, घरच्यांबरोबर लावू नका.

शेवटी जून लानाचा 'ब्वाकाव' (२०१२): मृत्युपत्र, शवपेटी सगळं तयार ठेवून बसलेला समलिंगी म्हातारा, आणि सोबतीला एक कुत्री. म्हाताऱ्याच्या भूमिकेत एडी गार्सियाचं काम अप्रतिम आहे.